आठ महिन्यांत १४ टवके: सिरॅमिकचा दोष नाही, अन् बॉनेट पेंट तर बिलकुल करू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला अन् फोटो मोठे करून नीट पाहिले. पांढरी गाडी, आठ महिने झाले, नागपूर ते उमरेड रोजचं अप-डाऊन, बॉनेटच्या समोरच्या कडेला अन् बंपरवर मिळून दगड लागून उडालेले रंगाचे १४ टवके, त्यातल्या दोन टवक्यांभोवती पिवळसर डाग पसरलाय, अन् शोरूमवाल्यानं गाडी देतानाच सिरॅमिक कोटिंग मारून 'आता पेंटला काही होत नाही' असं सांगितलं होतं. तुम्ही विचारलं की कोटिंग खराब निघालं का, बॉनेट पूर्ण पेंट करून घेऊ का, अन् पुढे हे थांबवायचं कसं. मी नागपुरात १९ वर्षांपासून हेच काम करतो, पहिली नऊ वर्षं डेंटिंग-पेंटिंग अन् त्यानंतर डिटेलिंग (म्हणजे पॉलिश, कोटिंग) आणि पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, त्यामुळे दोन्ही बाजू हातानं केलेल्या आहेत. लांब लिहितो, पण पूर्ण वाचा, कारण घाईत यातली एक गोष्ट चुकली तर वापस येत नाही.

आधी कोटिंगचं. तुमचं कोटिंग खराब निघालं नाही, ते या कामासाठी नव्हतंच. सिरॅमिक कोटिंग वाळल्यावर एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर राहतो, कधी त्याहून कमी. कंपनीचा पूर्ण पेंट, म्हणजे पत्र्यावरचा गंज रोखणारा ईडी कोट, त्यावर प्रायमर, त्यावर रंग अन् सगळ्यात वर क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, हे सगळं धरून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतं. आता विचार करा, ज्या दगडानं हे सगळे थर फोडून पत्रा दाखवला त्याला वरचा एक-दोन मायक्रॉनचा थर काय अडवणार. कोटिंगचा उपयोग वेगळा आहे, चिखल चिकटत नाही, पक्ष्याची घाण लवकर खात नाही, धुणं सोपं जातं, चमक राहते. त्यासाठी ते चांगलं आहे अन् मीसुद्धा लावतो. पण दगडासाठी म्हणून कोणी विकत असेल तर ते चूक आहे, अन् मला याचा खरंच राग येतो, कारण लोक पगारातले पैसे देऊन निर्धास्त होतात अन् गाडी उघडीच राहते.

आता बॉनेट पेंट करायचा विचार. हा आधी डोक्यातून काढून टाका. कारखान्यात नुसती बॉडी असते, ना वायरिंग ना प्लास्टिक ना काच, म्हणून ईडी कोट १६०-१८० डिग्रीवर भाजता येतो अन् वरचा क्लिअर १४०च्या आसपास. आमच्याकडे पेंट सुकवायच्या बूथमध्ये पूर्ण गाडी उभी असते, तिला ६०-७० डिग्रीच्या वर नेता येत नाही. त्यामुळे कितीही चांगला पेंटर असू दे, कितीही महागडं मटेरियल असू दे, कारखान्यातली पकड वापस येत नाही. मी हे पेंटर म्हणून सांगतो. रिपेंट केलेल्या बॉनेटवर उमरेड रोडची गिट्टी लागली की टवका जास्त मोठा उडतो, कडेनं पोपडा सुटतो. अन् गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा आता जाडी मोजायचं मीटर घेऊन येतो, १२० च्या जागी ३०० दिसलं की अॅक्सिडेंटची गाडी समजून भाव पाडतो. कंपनीच्या पेंटवरचे नीट भरलेले १४ टवके रिपेंटपेक्षा हजारपट चांगले.

कोणी इन्शुरन्समध्ये टाकून देतो म्हणालं तरी ऐकू नका. पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर रिन्यूअलला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस भेटतो, अन् तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो. टवक्यांसाठी क्लेम टाकला की ती साखळी तुटते.

आता तुमच्या रस्त्याचं. उमरेडकडे कोळशाची खाण, पाचगावच्या पट्ट्यात दगडाच्या खदानी अन् क्रशर, म्हणजे दिवसभर टिप्पर सुरू. आपल्याकडची गिट्टी जास्त करून काळ्या दगडाची, बेसाल्टची, नागपूर म्हणजे दख्खनच्या लाव्हाच्या दगडाची पूर्वेकडची कडच आहे. हा दगड कठीण अन् फोडला की त्याला धार येते. नदीतल्या गोल गोट्यासारखा तो घसरून जात नाही, टोक रुतवतो. तुमच्या फोटोतला तिसरा टवका पाहा, तिकोनी आहे, तो अशाच धारेच्या गिट्टीचा. त्यात पावसाळ्यात खड्डे पडतात, ते गिट्टी अन् मुरूम टाकून बुजवतात, अन् ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो माल सुटा होऊन रस्त्यावर पसरतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त टवक्यांच्या गाड्या दिवाळीच्या आसपास येतात, दरवर्षी.

लोकांना वाटतं समोरच्या ट्रकनं दगड मारला. अर्धं खरं आहे. टिप्परच्या मागच्या जोडचाकांच्या मधात दगड अडकतो अन् सुटला की जोरात येतो, तो प्रकार तर वाईटच, त्यानं काच फुटते. पण जास्त वेळा दगड फक्त टायरखालून उडालेला असतो, हवेत असतो, अन् आपणच त्याच्यावर जाऊन आदळतो. म्हणजे मार आपल्या स्पीडचा असतो, अन् तो स्पीडच्या वर्गानं वाढतो. ६० ची गाडी ९० वर नेली की तोच खडा सव्वादोनपट ताकदीनं लागतो. म्हणून समृद्धीवर १२० नं जाणाऱ्या गाड्यांना काँक्रीटचा साफ रस्ता असूनही टवके येतात, खडा लहान असला तरी मार मोठा असतो.

यावर एक फुकटचा इलाज आहे अन् तो फिल्मच्याही आधी करायचा. टिप्पर समोर आला की तीन सेकंदांचं अंतर ठेवा. मोजायचं कसं, टिप्पर एखाद्या खांबापाशी पोचला की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा, तेव्हा तुमची गाडी त्या खांबाशी पोचली पाहिजे. ८० च्या स्पीडला हे ६५-७० मीटर होतं. ऐकायला जास्त वाटतं, मधात कोणी घुसतं पण, घुसू द्या, वापस अंतर वाढवा. ओव्हरटेक करायचा असेल तर मागं चिकटून चान्स शोधत बसू नका, लांबूनच रस्ता मोकळा पाहून एकदाच निघा. अन् ताडपत्री नसलेला भरलेला टिप्पर दिसला तर दोन मिनिटं उशीर झाला तरी चालेल, त्याला पुढं जाऊ द्या. माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत, सावनेरला अप-डाऊन करतात, चार वर्षांत त्यांच्या बॉनेटवर सहा टवके, अन् त्याच रस्त्यावर त्याच मॉडेलची त्यांच्या भाच्याची गाडी दीड वर्षात मोजणं सोडून द्यावं अशी झाली. फिल्म दोघांच्याही गाडीला नव्हती.

आता सध्याचे १४ टवके. पावसाला अजून दीड महिना आहे, हे काम त्याआधी झालंच पाहिजे, विशेष करून त्या पिवळसर डागाच्या दोन ठिकाणी. तो डाग म्हणजे पत्रा उघडा पडून गंज सुरू झाला. बंपर प्लास्टिकचा आहे, तिथं गंजायचा प्रश्न नाही, तिथले टवके नंतर केले तरी चालतात. बॉनेटचे आधी.

टचअपची बाटली घेताना नुसतं 'पांढरा' म्हणून घेऊ नका, पांढऱ्याचे दहा प्रकार असतात. गाडीच्या प्लेटवर किंवा स्टिकरवर रंगाचा कोड असतो, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटच्या आत पाहा, नाही दिसला तर सर्व्हिस सेंटरवाले चेसिस नंबरवरून काढून देतात. तुमचा मोतिया पांढरा असेल, उन्हात चमचम करणारा, तर त्यात दोन थर लागतात, आधी पांढरा अन् मग मोतिया, हे बाटली घेतानाच विचारून घ्या.

माझे पोट्टे दुकानात कसं करतात ते सांगतो, घरी तसंच करा. सकाळी सातला, सावलीत, पत्रा थंड असताना. दुपारी बिलकुल नाही, एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेटवर हात ठेवता येत नाही, तिथं रंगाचा थेंब टाकला की वरून साय धरते अन् खालचं थिनर आत अडकतं, मग दोन दिवसांनी त्यात सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. आधी शॅम्पूनं धुवा, कोरडं करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेवढीच जागा पुसा, मेण किंवा कोटिंगचा अंश राहिला तर रंग धरत नाही. मग काडेपेटीच्या काडीच्या टोकाला १००० नंबरच्या वॉटर पेपरचा बारका तुकडा चिकटवायचा अन् टवक्याच्या आत, फक्त आत, तेवढं टोक गोल फिरवायचं. तपकिरी भुकटी निघेल. ती पुसा, वापस फिरवा, चकचकीत पत्रा दिसेस्तोवर. सुटलेली कड नखाला लागत असेल तर तीसुद्धा अलगद काढा, नाहीतर रंगाखालून ती पुढं उचलत जाते. मग तिथं हात लावायचा नाही, घामाचं बोट लागलं तरी गंज धरतो. लगेच प्रायमरचा थेंब. पत्रा दिसत नसेल, नुसता करडा थर दिसत असेल तर प्रायमरची गरज नाही, सरळ रंग टाका.

रंग बाटलीतल्या ब्रशनं लावू नका, तो ब्रश फार जाड असतो. टूथपिक घ्या, टोक रंगात बुडवा, टवक्याच्या मधोमध टेकवा, थेंब आपोआप कडेपर्यंत पसरतो. खड्डा एका दमात भरायचा नाही. वाळला की रंग खाली बसतो, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंतरानं तीन-चार पातळ थर, शेवटचा आजूबाजूच्या पातळीच्या जरासा खाली थांबला पाहिजे. रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी क्लिअरचा थेंब, तो किंचित वर आला तरी चालतो. आठ दिवसांनी ज्यांना हात बसलाय त्यांनी २००० अन् मग ३००० नंबरच्या पेपरनं पाणी लावून ते टोक बसवावं अन् पॉलिश करावं. तुम्हाला सवय नसेल तर हा शेवटचा भाग करू नका, बाजूचा क्लिअर कापला जातो. हाताला किंचित उंचवटा लागेल, दोन हातांवरून दिसणार नाही, अन् गंज थांबला, तेच आपलं काम होतं.

आता फिल्म, म्हणजे पीपीएफ, पेंट प्रोटेक्शन फिल्म. दगडाला खरोखर अडवणारी ही एकच गोष्ट आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरच्या पात्यांना रेती अन् बारीक दगडांपासून वाचवायला पॉलियुरेथेनची पट्टी लावायचे, तिथून हे सुरू झालं. चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे तुमच्या पूर्ण पेंटपेक्षा जाड, अन् रबरासारखी दबून मार पसरवते. वरचे बारीक ओरखडे ऊन लागलं की भरून येतात, त्यासाठी आपल्या मे महिन्यापेक्षा चांगली भट्टी नाही. पण हे पक्कं समजून घ्या की भरून येतात ते ओरखडे. दगडानं फिल्म फोडली तर ते भोक भरत नाही, तो तुकडा बदलावा लागतो. फिल्म फुटली अन् पेंट वाचला, म्हणजे तिनं काम केलं.

तुम्हाला पूर्ण गाडीला लावायची गरज नाही. चांगल्या टीपीयूचं (हा पॉलियुरेथेनचाच प्रकार) पूर्ण बॉडीचं काम गाडीच्या आकारानुसार साधारण ७०-८० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जातं, समोरचाच भाग केला तर त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. तुमच्या रस्त्यासाठी बंपर, पूर्ण बॉनेट, दोन्ही पुढचे फेंडर, आरशांची पाठ, काचेच्या बाजूचे दोन खांब, छताची काचेवरची कड, हेडलाइट, अन् चारही चाकांच्या मागची दाराखालची पट्टी, एवढं बस. काहीजण बॉनेटची फक्त पुढची दीड-दोन फुटांची पट्टी लावतात, स्वस्त पडतं, पण पांढऱ्या गाडीवर त्या कडेला धूळ बसून सहा महिन्यांत काळी रेघ दिसते, म्हणून मी पांढऱ्याला पूर्ण बॉनेटच सांगतो. दारांच्या वरच्या भागाला, डिक्कीला, बाकीच्या छताला दगड सहसा लागत नाही, तिथले पैसे वाचवा.

तुमच्या बाबतीत एक अडचण आहे. सिरॅमिकवर फिल्म नीट चिकटत नाही, ते चिकटू न देण्यासाठीच बनवलंय. त्यामुळे जिथं फिल्म लागणार तिथलं कोटिंग आधी मशीननं हलकं पॉलिश करून काढावं लागेल. कोणी 'काही गरज नाही, वरूनच लावू' म्हणालं तर तिथून गाडी वापस आणा. बरोबर क्रम असा असतो की आधी फिल्म अन् पाहिजे तर तिच्या वर कोटिंग. अन् टचअप केल्यावर किमान दोन आठवडे थांबा, पूर्ण पॅनेल रिपेंट असेल तर महिनाभर, आतलं थिनर उडू द्या.

हे थांबणं किती महत्त्वाचं आहे ते मी स्वतःच्या हातानं शिकलो. फिल्मच्या कामात नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाइकाचा बंपर बाहेरून पेंट होऊन आला होता, पाच दिवस झाले होते, त्यांना लग्नाला जायची घाई होती. मी लावून दिली. कोपऱ्यावर एक बुडबुडा राहिला म्हणून फिल्म उचलली तर तिच्यासोबत रंगाचा तळहाताएवढा पापुद्रा सरळ निघून आला, खाली काळं प्लास्टिक. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसते पाहत राहिले, ते मला अजून आठवतं. बंपर माझ्या खर्चानं पेंट करून दिला. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय पत्र्याच्या कोणत्याच पॅनेलवर फिल्म ठेवत नाही, अन् प्लास्टिकवर ते मीटर चालत नाही म्हणून बंपरबद्दल तोंडानं विचारून घेतो.

दुकान निवडताना किमतीच्या आधी तीन गोष्टी पाहा. फिल्म टीपीयूचीच पाहिजे. पीव्हीसीवाली किंवा टीपीएच म्हणून विकतात ती स्वस्त असते, आपल्या ४५-४६ डिग्रीच्या उन्हात ती पिवळी पडते, कडक होते अन् काढताना तुकड्या-तुकड्यानं निघते. छोटा तुकडा मागून हातानं ताणा, टीपीयू रबरासारखी मूळ जागेवर येते, दुसरी लांबच राहते. मग कटिंग कसं करता ते विचारा. प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कटिंग मशीनवर, आधीच कापलेला तुकडा असेल तर उत्तम. गाडीवर ठेवून ब्लेडनं कापत असतील तर हात फार पक्का पाहिजे, मी अशा गाड्या पाहिल्या आहेत की फिल्म काढल्यावर बॉनेटच्या कडेनं क्लिअरमध्ये ब्लेडची सरळ रेघ, तिथूनच पुढं गंज. अन् तिसरं, काम बंद खोलीत, एसी किंवा कूलरच्या गारव्यात होते का. उघड्या शेडमध्ये मे महिन्यात साबणाचं पाणी फिल्म बसायच्या आधीच सुकतं अन् धूळ आत अडकते, मग ते बारीक बारीक दाणे आयुष्यभर दिसतात. वॉरंटी कार्डवर रोलचा नंबर टाकून घ्या, अन् वाचून घ्या, वॉरंटी पिवळं पडणं, तडकणं, सुटणं याची असते, दगडानं फाटल्याची नसते.

लावल्यावर आठवडाभर धुऊ नका. नंतर प्रेशर वॉशरचा नोजल कडांपासून हातभर लांब ठेवायला सांगा. अन् बोअरचं पाणी उन्हात अंगावर सुकू देऊ नका, क्षाराचे पांढरे ठिपके फिल्मवरही बसतात अन् ते काढणं पेंटपेक्षा जिकिरीचं असतं.

मडफ्लॅप चारही चाकांना आहेत का पाहा, नसतील तर कंपनीचे लावून घ्या, काही शेकड्यांचं काम आहे. स्वतःच्याच पुढच्या चाकानं उडवलेली गिट्टी दाराच्या खालच्या भागाला लागते. रुंद टायर टाकून ते बॉडीच्या बाहेर येत असतील तर मडफ्लॅपही पुरत नाही. दाराखालच्या पट्टीवर बऱ्याच गाड्यांना कंपनीतूनच खडबडीत, संत्र्याच्या सालीसारखा थर असतो, तो दगडासाठीच असतो. कधी तिथं डेंटिंग झालं तर पेंटर तो घासून गुळगुळीत करतो अन् 'कसं मस्त झालं' म्हणून दाखवतो. त्याला आधीच सांगा की तो खडबडीत थर, म्हणजे अँटीचिप, वापस मारायचा.

बॉनेटला रेग्झिनचं कव्हर बांधून फिरायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका. त्याच्या खाली धूळ शिरते अन् हवेनं कव्हर थरथरत राहून पेंट घासून पांढुरका करते, पावसात पाणी अडकतं ते वेगळं.

अन् शेवटच्या फोटोत काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक डोळ्यासारखा ठिपका दिसतोय, तुम्ही त्याबद्दल काही लिहिलं नाही, कदाचित लक्षात आलं नसेल. तो काचेवरचा टवका आहे अन् सध्या रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान आहे, म्हणजे बहुतेक रेझिन भरून वाचेल. हे काम बाकी सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात करा. तोवर तिथं पारदर्शक टेप लावून ठेवा म्हणजे आत धूळ-पाणी जाणार नाही, अन् उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसीचा झोत काचेवर सोडू नका, आधी दारं उघडून गरम हवा जाऊ द्या. तापलेल्या काचेला अचानक गार हवा लागली की त्या ठिपक्यातून चीर निघते अन् मग पूर्ण काच बदलावी लागते.

मीटर लावून जाडी पाहायची असेल तर कोणत्याही चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे पाच मिनिटांत होतं, फिल्मचा निर्णय घेण्याआधी बॉनेटचे आकडे लिहून आणा अन् मला कळवा, मी सांगतो पॉलिश कितपत झेपेल ते.